दुसऱ्या मजल्यावरच्या गप्पा

ठाण्यातल्या स्कॅन सेंटरमध्ये माझ्या मागच्या बाकावर डोंबिवलीचं एक जोडपं बसलेलं.

“अहो, अजून दम लागतो हे सांगितलंत का डॉक्टरांना?”

“लागतच नाही तर काय सांगू? छाती उघडून फुप्फुसातल्या गुठळ्या काढल्या ना त्यांनी?”

“सगळ्या निघाल्या का, तेच बघायला आलोय. रक्त कुठवर पोचतं ते फोटोत दिसणारे.”

“दिसू दे की! तीन मजले चढतो मी रोज.”

“दुसऱ्यावर थांबता.”

“पोपटरावांशी बोलायला. शेजाऱ्याशी बोलायचं पण नाही?”

“काल काय बोललात?”

“हेच, टँकरचं. पाणी गढूळ आलं म्हणत होते.”

“अहो, पोपटराव आठवडाभर लेकीकडे नाशिकला आहेत. घराला कुलूप आहे. त्यांच्या झाडांना मीच पाणी घालते.”



“रंभा, परत छाती उघडायची म्हणाले तर गं?”

तेवढ्यात नर्स दारात आली.

“साळवीकाका, चला आत. जिना चढताना दम लागतो का हो?”

“लागतो. दुसऱ्या मजल्यावर.”