तीन पासांची पाइपलाइन

कोळशावरच्या वीजकेंद्रात गेटपासच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे फिटर आणि त्यांचा जावई उभे होते.

"मामा, सकाळपासून ही तिसरी रांग!"

"केंद्राचा पहिला टप्पा जुन्या कंपनीकडे, दुसरा तिने विकला, तिसरा भलत्याच कंपनीने बांधला. तिघांचे पास वेगळे."

"काम तर एकच आहे ना?"

"पाण्याची पाइपलाइन तिन्ही टप्प्यांतून जाते, जावईबापू. तिला कुठे पास लागतो?"

"तिची दुरुस्ती कुणी करायची, यावर मालकांचं भांडण चाललंय. आधी ते मिटू दे."

"तोवर बॉयलर कोरडे पडतील."

"पण मुळात ती पाइपलाइन आहे कुणाची?"

"धड होती तोवर त्यांची होती. गळायला लागली, आता माझी. सरका पुढे, खिडकी उघडली."