वाण्याच्या सुंठीची बाग

मंडळी, आधी आमच्या सुनेची तक्रार ऐका! मंजुळा — ती बघा, खांबाआड बसलीय. बोलायचं तेव्हा पुटपुटते, आणि मग गप्प! आता सांगा, लावलेलं उगवलं नाही तर दोष कुणाचा? हाताचा, मातीचा, की... थांबा! सासूचं नाव घ्यायची एवढी घाई नको!

ही सासू गयाबाई. माझ्या चांगल्या ओळखीची — रोज आरशात भेटते! शाळा दुसरीपर्यंत, तोरा आभाळापर्यंत. कारभाऱ्यांचा खोकला हटेना, म्हणून हिनं परसात औषधाची बाग करायची ठरवलं. मुहूर्त अखितीचा — लावाल ते अक्षय! वाण्याकडून आणली हळकुंडं, आणली सुंठ, आणि दिली पुरून! हसता काय? तुमच्या घरी कुणी शहाणं नाही वाटतं?

मंजुळा मिरजेकडची, हळदीच्या गावची. हळूच म्हणाली, "आत्याबाई, हे नाही उगवायचं. बेणं वेगळं असतं."

"बेणं? मला बेणं म्हणतेस?"

"तुम्हाला नाही हो! हळदीचं बेणं — लावायचा ओला गड्डा!"

ऐकतंय कोण! गयाबाईच्या कानात शिवी शिरली, पुढचं दार बंद!

दोन महिने गेले. कोंब नाही! सुंठीवाचून खोकला जातो म्हणतात — इथं सुंठ मातीत गेली आणि खोकला माजघरातच! मग गयाबाईनं नळावर चारचौघींत डांगोरा पिटला — "पाणी सुनेनं घातलं, तिचाच हात जळका!" झालं! त्या दिवसापासून आळीत कुणी तिला तुळशीचं पान खुडू देईना.

श्रावणात न्हाणीमागं हातभर लांब हिरवीगार पानं डोलायला लागली. "हे कुणी लावलं?"

कारभारी खोकत म्हणाले, "जळक्या हातानं! माहेरून गड्डा आणला तिनं. तुझी हळकुंडं उकडून वाळवलेली, गये! भात शिजवून पेरतेस का?"

बोला! मुहूर्त ताजा, मूळ मेलेलं — अखिती काय करील? आणि बायांनो, माना काय डोलावता? तुमच्याही घरात कुणीतरी ओठाशी आलेलं गिळतंय. का? तर तुम्ही मोठ्या!

मंजुळे, पुढं ये. नळावर बोलले ते चारचौघींत, परत घेते भरल्या सभेत. हात तुझा गुणाचा. जळकी ती माझी जीभ. उद्यापासून परस तुझं. पाणी मी घालीन. कुठं, किती, ते तू सांगायचं — आणि या खेपेला मोठ्यानं सांग!