पुढच्या चाकांना दहा टक्के

…नाही, पण मला एक सांगा, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते म्हणून हौसेनं एक गाडी निवडायची आणि मग दिवसभर बसून ती ताकद पुढच्या दोघांकडून काढून घ्यायची, तर मग चारही चाकांची हौस कशाला? खेळातली गाडी हो, पडद्यावरची! आमच्या खऱ्या गाडीला चढावर एकही चाक फिरवावंसं वाटत नाही… ते जाऊ द्या.

तर तुम्हाला सांगते, नवरा आणि नणंद यांनी मिळून या शर्यतीच्या खेळाचं स्टिअरिंग घेतलंय, टेबलाला आवळून बसवायचं. वर्षातून एक शर्यत, जिंकेल त्याच्या घरी ते वर्षभर. यंदा नवऱ्याचा अंगठा प्लास्टरमध्ये! चालवणार कोण? मी. प्रयोगशाळेत उभी हयात घालवलेली बाई!

नवरा सोफ्यावरून शिकवतोय, "हे बघ, चारही चाकं ओढायला लागली की गाडी वळणावर वळतच नाही, सरळ भिंतीत. म्हणून ताकद मागे पाठवायची. मग शेपूट अश्शी फिरते!" प्लास्टरसकट हात फिरवून दाखवला. म्हटलं, "अरे, मग मागच्या चाकांवर चालणारीच घे ना! चारही चाकांची हौस कशाला?" "छे! ती सुटताना जागच्या जागी चाकं फिरवत बसते. हिची पुढची चाकं तेवढी पकड देतात." पटलं… म्हणजे, पटल्यासारखं वाटलं.

आता याची पद्धत काय, तर एकदम पाच गोष्टी बदलायच्या आणि "मस्त!" म्हणायचं. कशामुळे मस्त? देव जाणे! मी वही काढली. एका वेळी एकच बदल, प्रत्येकी तीन फेऱ्या, आणि वेळ मोजायची ती धावत्या गाडीची. सुटतानाचे सेकंद धरायचे नाहीत, त्यानं मोजमाप गढूळ होतं. मागे साठ टक्के: भिंतीत. सत्तर: भिंतीतच, पण जरा विचार करून. मागची स्प्रिंग कडक, मग पुढची मऊ… अहाहा, नाक वळलं! ऐंशी… नव्वद… शेपूट अशी अलगद सरकली की मी चक्क ओरडले! नवरा म्हणाला, "बस्स! पुढच्यांना दहा टक्के राहू देत. आता हात लावू नकोस." आणि अंघोळीला गेला.

आता तुम्हीच सांगा, नव्वदला इतकं छान, तर शंभरला काय होतं हे न बघता गप्प बसवतं का कुणाला? मी शंभर केलं. वळणं काय घेतली हो तिनं! फेरीमागे पाऊण सेकंद वाचला! वहीत दोनदा अधोरेखित केलं.

रविवारी सकाळी नणंद आली. "मला बाई त्यातलं काही कळत नाही," म्हणाली आणि जशी मिळाली तश्शी छोटी गाडी घेऊन बसली. हिरवा दिवा लागला, ती गेली… आणि मी? धूर! जागेवर! नुसता धूर! नवरा किंचाळला, "शंभर केलंस?" पुढे मी एकेक वळण असं घेतलं म्हणता, अंतर तोडत तोडत आले, पण शेवटच्या रेषेवर अर्धी गाडी कमी पडली. अर्धी!

नणंद स्टिअरिंगचे स्क्रू सैल करत म्हणाली, "वहिनी, चारही चाकांची ना गं तुझी गाडी? मग सुटताना काय झालं?"

म्हटलं, "आहेत गं चार. त्यातली दोन पाहुणी आहेत."