अर्धं पुसलेलं पान

मृणाल : मधल्या शिरेच्या डावीकडचीच बाजू पूस. उजवीकडची धूळ तशीच राहू दे.

मैत्रेयी : आई, हा कापूस बघ. सकाळीच पुसलं होतं मी हे पान. परत काळं आलं.

मृणाल : दुसरं पान असेल.

मैत्रेयी : हेच आहे. लाल दोरा बांधलाय ना त्याला.

मृणाल : बरं. आता यंत्राची क्लिप लाव, आधी पुसलेल्या बाजूला. हळू, देठ मोडेल. आणि जरा सरक, तुझी सावली पडतेय.

मैत्रेयी : सावली? यार आई, ऊन तरी कुठाय? दिवाळीपासून सूरज दिखा ही नहीं. अख्ख्या लक्ष्मीबाई नगरावर या धुरात नुसता एक मळका बल्ब लटकलाय.

मृणाल : आहे तेवढ्यात मोहरी जगतेच ना.

मैत्रेयी : पण उन्हातलं ती घेते किती?

मृणाल : शेतात शंभरातला एक भाग साठवला तरी पुष्कळ.

मैत्रेयी : बस? हे तर माझ्या मॅथ्सपेक्षा वाईट आहे.

मृणाल : अर्ध्याहून जास्त उजेड तिच्या कामाचाच नसतो. थोडा पानावरून परत फिरतो, थोड्याची नुसतीच उष्णता होते. आणि जे कमावते त्यातलंही बरंचसं श्वास घेण्यातच जातं.

मैत्रेयी : श्वासात एवढं जातं?

मृणाल : जिवंत राहायचं म्हणजे जाणारच.

मैत्रेयी : आणि मी सातवीत आले तरी तू त्या एकाचे दोन करत बसलीयेस.

मृणाल : सव्वा झाला तरी मी पेढे वाटेन. काय झालं? मैत्रेयी, क्लिप सोड. खोकू नकोस तशी, पुढे वाक. पाठ ढिली सोड. सकाळी पंप घेतलास?

मैत्रेयी : घेतला. झालं... झालं, आई. थांबला. श्वासाच्या मीटरमध्ये फुंकूनसुद्धा झालंय माझं. तीनशे वीस.

मृणाल : कालही तीनशे वीसच होता.

मैत्रेयी : हो ना. स्टेबल आहे एकदम. चांगलं असतं ते.

मृणाल : परवाही तोच.

मैत्रेयी : आता दुसऱ्या बाजूला लावू का क्लिप?

मृणाल : राहू दे ते. एकच पान लागोपाठ दोनदा मोजलं तरी आकडा तोच येत नाही, बाळा. जिवंत गोष्टीचा येतच नाही. मीटरचा काटा बोटाने वर सरकवतेस ना?

मैत्रेयी : कधी कळलं तुला?

मृणाल : दिवाळीच्या आधी.

मैत्रेयी : मग ओरडली का नाहीस? एक रीडिंग मनाने टाकलं म्हणून कृतिकादीदीला किती रडवलं होतंस लॅबमध्ये.

मृणाल : मलाही तोच आकडा हवा होता. जा, मीटर घेऊन ये. माझ्यासमोर फुंक.

मैत्रेयी : नको ना.

मृणाल : उभी राहा. काटा खाली कर. खोल श्वास घे, आणि जोरात, एकदाच.

मैत्रेयी : बघू नकोस तू.

मृणाल : दे इकडे. एकशे सत्तर.

मैत्रेयी : आत्ताच खोकले ना, म्हणून. मार्चमध्ये बरी होते मी. दरवर्षी होते.

मृणाल : दर मार्चला आधीच्या मार्चपेक्षा थोडी कमी बरी होतेस. हिला इथून हलवा, असं डॉक्टर मागच्या थंडीतच म्हणाले होते.

मैत्रेयी : मग तू पण चल.

मृणाल : दोनदा बदली मागितली, चांगल्या हवेच्या ठिकाणी. तिकडे मोहरीचं काम नाही म्हणतात.

मैत्रेयी : नोकरी सोड ना मग.

मृणाल : तेही ठरवलं होतं. मग पेरणी आली.

मैत्रेयी : दरवर्षी पेरणी येते, आई.

मृणाल : हो.

मैत्रेयी : मी चिडले नाहीये. पण मला बाबाकडे नाही जायचं. मला तुझ्याकडेच ठेवायला कोर्टात एवढी भांडलीस ना तू?

मृणाल : भांडले. सावत्र आई म्हणून केतकी काही बोलते का तुला, तिथे गेलीस की?

मैत्रेयी : केतकी खूप चांगली आहे. तोच तर प्रॉब्लेम आहे. मी तिथे तिच्या हातचं गरम गरम खाणार, आणि तू इथे सिंकपाशी उभ्याने टोस्ट खाणार. मी नसले की तू कुकर लावत नाहीस. मला माहितीये.

मृणाल : लावीन.

मैत्रेयी : खोटं.

मृणाल : तू काटा सरकवत होतीस ते माझ्या जेवणासाठी?

मैत्रेयी : जेवणासाठी नाही फक्त. तू रात्री कोणाशी बोलशील?

मृणाल : माझ्याजवळ ये. अशी टेकून बस. अजून दोन पफ घे. मोजू नकोस, नुसता सावकाश श्वास घे. फोन कुठे ठेवलाय मी?

मैत्रेयी : आई, नको. प्लीज. उद्या कर.

(मृणाल फोन लावते आणि स्पीकरवर ठेवते.)

सिद्धांत : मृणाल? आज कसा काय फोन केलास? मैत्रेयी बरी आहे ना?

मृणाल : नाही.

सिद्धांत : हॉस्पिटलमध्ये आहात का?

मृणाल : घरीच आहोत. पंप दिलाय, आता लगेच डॉक्टरांकडे नेतेय. शेजारीच बसलीये, ऐकतेय सगळं.

मैत्रेयी : बाबा, मी ठीक आहे.

सिद्धांत : आवाज ऐकतोय मी तुझा, पिल्लू. मृणाल, मी तुला किती वेळा म्हटलं होतं...

मृणाल : म्हटलं होतंस. उद्या येशील?

सिद्धांत : सकाळच्या विमानाने येतो. थंडी संपेपर्यंत राहू दे तिला आमच्याकडे. होळीला मी स्वतः आणून सोडतो, शब्द देतो.

मृणाल : सोडू नकोस. तिथल्या शाळेत नाव घाल तिचं.