वीजमंडळीचं दुसरं उड्डाण

व्यंकोजीमामा. नाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी 'पण चूक नक्की कुणाची रे' असं विचारायला नको. व्यंकोजीमामांची. बाकीच्यांनी नुसते हात लावले. आणि मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत हं, आमच्या बंगळूरच्या चामराजपेटेत ज्याची मिशी पांढरी होते तो आपोआप सगळ्यांचा मामा होतो, आणि मामा झाला की आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष होतो, आणि अध्यक्ष झाला की मग काय... उठतच नाही.

तुम्हाला सांगतो, आमच्या मंडळाचं एक मासिक आहे, 'पोरांचा पेटारा'. नाव पोरांचं, चालवणारे सगळे साठीच्या पुढचे. त्यात सहा-सात वर्षांपूर्वी मामा स्वतः एक चित्रकथा काढायचे, 'वीजमंडळी'. पाच पोरं, अंगात वीज, आकाशात उडतात, दुष्टांना लोळवतात. ऐकायला बरं वाटतं ना? प्रत्यक्षात काय, तर उडायच्या आधी पाचही जण आईच्या पाया पडायचे, मग वडिलांच्या, मग आजोबांच्या, मग शेजारच्या आजोबांच्या, आठातली सहा पानं वाकण्यातच, सातव्या पानावर दुष्ट माणूस त्यांचे संस्कार बघून रडायला लागायचा आणि आठव्यावर लाडू. वर्षाच्या आत बंद पडली. का बंद पडली ते मामांना अजून कळलेलं नाही, ते म्हणतात कागद महागला.

यंदा मी म्हटलं, मी काढतो. परत सुरू करू, पण पोरं सोळा-सतरा वर्षांची करू, रागावलेली करू, एक जण शाळा सोडून आलेला करू. तुम्ही हसताय, कारण मी पी.यू.सी., म्हणजे अकरावी, अर्धवट सोडलीय ते तुम्हाला माहीत आहे. पण घरी कोणी हसत नव्हतं. वडिलांनी सरळ अट घातली होती. म्हणाले, "विजयादशमीला अंक निघाला आणि वर तुझं नाव छापलेलं दिसलं, तर वर्षभर चित्रं काढ, मी विचारणार नाही. नाही दिसलं, तर शिवाजीनगरात काकांच्या दुकानात बसायचं." काकांचं दुकान कोट शिवायचं. तिथे नव्या माणसाला वर्षभर फक्त गुंड्या लावायला देतात. म्हणजे बघा, माझं सगळं आयुष्य त्या कव्हराच्या कोपऱ्यातल्या एका नावावर टांगलेलं.

आणि कव्हर मी असं काढलं होतं... नाही, स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही, पण असं काढलं होतं! खाली अंधारात बुडालेलं बंगळूर, कारण अंधारअण्णा नावाच्या म्हाताऱ्यानं गावातले सगळे दिवे पेटीत कोंडून ठेवलेत, का, तर उजेडात पोरं वाचतात आणि बिघडतात. एका बाजूला तो पेटीवर बसलाय. आणि वरून त्याच्यावर झेपावणारी पाच पोरं, सगळ्यांत पुढे ठिणगी नावाची मुलगी. अंधारअण्णाची मिशी व्यंकोजीमामांची होती. भुवया त्यांच्या, काठी त्यांची, बसायची ढबसुद्धा त्यांची. आता खोटं कशाला बोलू?

हे चित्र मी महिनाभर आधी बैठकीत दाखवलं होतं. तिघांनी मान डोलावली. कारण तेव्हा आतून उप्पिट्टूचा, म्हणजे उपम्याचा, वास येत होता. ह्या लोकांना काढलेलं दिसतच नाही हो, छापलेलं दिसतं. कागदावर शाई आली की मग चष्मे बाहेर येतात. आणि मंडळाचा रिवाज असा, की छापायच्या आधी प्रूफवर तीन सह्या लागतात. मामांची, अप्पासाहेबांची, गोजराअक्कांची. सही नाही तर छपाई नाही.

बरं, कोणता दिवस? आयुधपूजेचा आदला दिवस. हे तुम्हाला सांगायला नकोच, त्या दिवशी दुपारी सगळी यंत्रं धुवायची, दुसऱ्या दिवशी त्यांना हळद-कुंकू, झेंडू, चाकाखाली लिंबं, दारात कोहळा, आणि पूजा उठेपर्यंत यंत्राला काय, साध्या पेचकसालाही हात लावायचा नाही. आमचा छापखानेवाला यल्लाप्पा तर ह्यात फार कडक. सकाळी नऊला मला म्हणाला, "बारा वाजता मशीन धुणार बघ. साक्षात देव आला तरी थांबणार नाही." आतली पानं छापून झाली होती, त्यांत नेहमीचे लेख, वीजमंडळीची गोष्ट पुढच्या अंकापासून. राहिलं होतं कव्हर. म्हणजे तीन तास, तीन सह्या. मला वाटलं, पुरे झाले.

दहाला ते तिघे आले. यल्लाप्पानं ओलं प्रूफ पुढे धरलं. गोजराअक्कांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, आणि विचारलं, ही कोण?

ठिणगी, म्हटलं. वीज आहे तिच्यात.

"आमच्या नातीचं, नयनाचं, लग्नाचं बोलणं चाललंय," अक्का म्हणाल्या. "लोक म्हणतील, नयनाचंच चित्र काढलंय. वयात आलेली पोरगी, केस सोडलेले, मागे चार मुलगे, आणि एवढ्या वर... खालून माणसं बघतात की रे. बाकी चित्र झकास आहे. एवढं एकच काढ."

इथे तुम्हाला चित्र ज्याच्यावरून छापतात तो ब्लॉक म्हणजे काय ते सांगायला हवं. जस्ताचा पत्रा. त्यात जे उंच राहतं ते काळं छापतं. नको ते कोरणीनं खरवडता येतं, पण नवं काही भरता येत नाही. नवा ब्लॉक करायला आठ दिवस. म्हणजे काय, तर ह्या म्हाताऱ्यांपुढे मला एकच गोष्ट करता येत होती, काढायची. आणि त्यांना तरी दुसरं काय येतं?

खरवडली ठिणगी. महिना लागला होता तिला काढायला, पंधरा मिनिटांत गेली. नवं प्रूफ. आता तिचा हात धरून उडणारा जो गडगड, त्याचा हात तसाच पुढे, रिकामा. अप्पासाहेब, हे निवृत्त हेडमास्तर, अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल रेघा मारण्यात गेलेलं, त्यांनी बोट ठेवलं. हा हात पसरतोय. आपल्या समाजातला मुलगा कुणापुढे हात पसरतो का? मी म्हटलं, अहो तो पसरत नाही, त्यानं धरलेला हात तुम्हीच आत्ता काढायला लावलात! तर म्हणे, वाद नको, बाकी झकास आहे, एवढं एकच काढ.

गडगड गेला. अकराला दहा कमी.

तिसऱ्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी. अप्पासाहेब म्हणाले, तोंड झाकतो तो चोर. पट्टी तेवढी काढ. काढली. आता पट्टी काळी, डोळे तिच्याच आत, पट्टीबरोबर तेही गेले, आणि प्रूफमध्ये उकडलेल्या अंड्यासारखं डोकं उडताना दिसायला लागलं. अक्का दचकल्या. म्हणाल्या, मग हा अख्खाच काढ.

चौथा दप्तर फेकून उडालेला. तो मीच होतो, तुम्ही ओळखलं असेल. अप्पासाहेबांनीही ओळखलं. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ह्याच्या खांद्याला दप्तर दे. म्हटलं, देता येत नाही, फक्त काढता येतं. म्हणाले, मग काढ. ह्या वेळी 'झकास' सुद्धा म्हणाले नाहीत. मी स्वतःला स्वतःच्या हातानं खरवडलं, आणि यल्लाप्पा तिकडे बादल्या भरत होता, त्याची पोरं झेंडू ओवत होती, आणि मी ओरडलो, थांब रे जरा. तो म्हणाला, "स्वल्प थांबतो. स्वल्पच हं." साडेअकरा.

पाचवा उरला. एकटा. मूठ उगारून अंधारअण्णावर येणारा. आता बोलले व्यंकोजीमामा. तोवर नुसते मिशी कुरवाळत बसले होते, मी अधूनमधून चित्राकडे आणि मिशीकडे आळीपाळीनं बघत होतो, की आता ओळखणार, आता ओळखणार... मामा म्हणाले, "वडीलधाऱ्या माणसावर मूठ? मी वीजमंडळी काढायचो तेव्हा पोरं आधी पाया पडायची. एवढं एकच काढ, संताजी."

मी म्हटलं, मामा, हा काढला तर वीजमंडळी कुठे राहिली?

मामा म्हणाले, "नाव आहे ना वर."

आणि काढला मी. काय करू? अंक निघाला नाही तर काकांचं दुकान. पोरं पुढच्या अंकात परत उडवता येतील, नाव मात्र आत्ताच छापून यायला हवं, असं मी मनाशी म्हणत होतो आणि जस्ताचा चुरा फुंकत होतो.

शेवटचं प्रूफ आलं. वर मोठ्या अक्षरांत 'वीजमंडळी'. खाली काळं बंगळूर. वर पांढरं मोकळं आकाश. आणि पेटीवर एकटा, काठी टेकून, मिशी फुलवून बसलेला अंधारअण्णा. मामांनी चष्मा पुसला. परत लावला. आणि त्यांच्या डोळ्यांत... शपथेवर सांगतो, पाणी. "हा म्हातारा मात्र काय भारदस्त काढलायस रे," म्हणाले. "ह्याच्याकडे बघून पोरांना वळण लागेल." अप्पासाहेबांची सही झाली. अक्कांची झाली. मामांनी पेन टेकवलं, आणि थांबले.

"कोपऱ्यात हे काय, किडे?"

माझं नाव, मामा.

"समाजाचं काम आहे बाळा. ह्यावर एकट्याचं नाव घालत नाहीत. मीसुद्धा कधी घातलं नाही." आवाज अगदी मायेचा. तोच तर त्रास आहे, ह्यांचा आवाज मायेचा असतो. "बाकी झकास आहे. एवढं एकच काढ."

मी यल्लाप्पाकडे बघितलं. यल्लाप्पानं घड्याळाकडे. बाराला दहा. नाव ठेवलं तर सही नाही, सही नाही तर अंक नाही, अंक नाही तर दुकान. नाव काढलं तर अंक आहे, नाव नाही, तरी दुकानच. मग मी ते का काढलं? हे मला विचारू नका. तीन म्हातारे उभे होते, बादल्या भरलेल्या होत्या, आणि सकाळपासून हाताला तीच सवय लागली होती. ब्लॉकवर नाव उलटं असतं, ते कुठून सुरू होतं हेच मला आधी कळेना.

बाराला पहिलं कव्हर पडलं. थांबणार नाही म्हणणारा यल्लाप्पा माझ्यासाठी अर्धा तास थांबला, दीडशे प्रती काढल्या आणि मगच पाणी ओतलं. तेवढा एक माणूस.

विजयादशमीला मंडळात जो तो मामांना म्हणत होता, "मामा, तुमचं चित्र फार छान आलंय." मामा कोड्यात पडल्यासारखे हसत होते. वडिलांनी अंक हातात घेतला, पुढून बघितला, मागून बघितला, आतली पानं उलटली, परत कव्हराच्या कोपऱ्यावर आले. तिथे पांढरा ओरखडा होता. त्यांनी त्यावरून एकदा अंगठा फिरवला. अंक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सोमवारी नऊला जा."

गेलो. पहिला कोट आला तो व्यंकोजीमामांचा. सहा गुंड्या लावल्या. त्यांनी अंगात घालून बघितला, आरशात मिशी सारखी केली, म्हणाले, वरची जरा आवळते रे, बाकी झकास आहे... एवढी एकच काढ.

काढली. वीजमंडळी गेली, नाव गेलं, आणि मी आता गुंड्या लावतो.