अण्णांच्या पाठीवरचं रेडियम

आमच्या अण्णांचं सांगितलं का तुमाला? वडील माझे, पण मिजास नवाबाची. शेतातून ताडकळसच्या रोडनं सायकलवर येईपर्यंत अंधार पडतो, अन् उसाचे ट्रॅक्टर तर सुरूच असतात. मागं एका ट्रॉलीवाल्याला अण्णा दिसलेच न्हाईत. सायकलसकट नालीत पडले, कोपर सोललं. तरी सायकलला रेडियम लावू देईनात. "मी काय लग्नाची गाडी हाय का?"

मग आईनं गुपचूप त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर लाल रेडियमची रुंद पट्टी शिवली, अन् सकाळी सदरा असा घडी घालून दिला की त्यांना पत्ताच लागला न्हाई.

संध्याकाळी अण्णा फुशारकीत घरी आले. "आज ट्रॅक्टरवाले लांबूनच हळू करायलेत. एकानं तर अख्खा रस्ता सोडला. वळखायलेत लोक मला आता!"

"वळखणारच की," आई पदराआड हसली.

त्याच ऐटीत अण्णा चहाच्या हॉटेलवर गेले. मागून एका मोटारसायकलचा लाईट पडला, अन् गाडीवाला वरडला, "अण्णा, पाठीला इंडिकेटर कवा बसवलं?"

सगळं हॉटेल हसलं. अण्णा तणतणत घरी आले, सदरा आईपुढं टाकला. "उसव आधी ते!"

आईनं शांतपणे कात्री घेतली. "उसवते. पण उद्या ट्रॅक्टरवाल्यांनी वळख दाखवली न्हाई, तर मला बोलायचं न्हाई."

अण्णा उठले, खुंटीवरचा दुसरा सदरा काढून तिच्यापुढं ठेवला अन् म्हणले, "ह्याला जरा बारीक लाव."