चिंचेवरचा दोर

ऐका रं पोरांनो. सरका जवळ. अगं ए निळ्या स्वेटरवाली, तू तिकडं का? सकाळपासनं बगतोय, तुमी दोघी एका तंबूत आन् तोंडं दोन दिशांना. बसा शेजारी. आज तुमच्यासाठीच सांगतो.

मी तुमच्या शाळेचा जुना शिपाई, बुधाजी. तवा मिशी काळी व्हती माजी. असंच नववीचं शिबिर, ह्याच माळावर. त्या साली अ आन् ब तुकडी एक केली व्हती. अ मधी पेठेतली पोरं, ब मधी वरच्या वाड्यांची. एकमेकांकडं बगायची न्हाईत. आन् सगळ्यात वाकडं कुनाचं? शर्मिलाचं आन् हौसाचं. शर्मिला कापड दुकानदाराची लेक, हौसा वाडीवरची. हौसा भाकरी वाढाय आली की शर्मिला ताट मागं घ्यायची. घ्यायची म्हंजे काय, वढायची!

खैरनार बाई मला म्हनाल्या, "बुधाजी, एक लांब दोर आणा. त्याला गाठी मारू. एक गाठ अ तुकडीला, पुढची ब तुकडीला. जेवणं झाली की अंधारात सगळ्यांनी तोच दोर धरून टेकडीवरच्या देवळापर्यंत चालायचं. बोलायचं नाही, गाठ सोडायची नाही. बघू कसे एक होत नाहीत!"

आता दोर आनायला गावात जायचं म्हंजे दोन कोस. मला आला कंटाळा. खोटं कशाला बोलू? आन् हितनं हाकेवर बारव हाय, पायऱ्यांची जुनी विहीर. तिच्या काठच्या चिंचेवर एक दोर टांगलेला व्हता. चांगला लांब.

का टांगलेला, ते मला ठावं व्हतं! आमच्यात रीत हाय, बुडालेलं मानूस ज्या दोरानं वर काढलं, तो दोर घरी आनत न्हाईत. विहिरीवरच झाडाला टांगायचा. कुजंल तिथंच. आन् तो दोर ठकूचा. तुमच्याच वयाची पोर. हंडा पडला, पायऱ्या शेवाळलेल्या, म्हनून दोराला धरून खाली उतरली. वर दोघी मैत्रिनी दोर धरून उभ्या. त्या दोघींच्या पायात साप आला, दोघींनी दोर सोडला. झालं! मग त्याच दोरानं तिला बाहेर काढली.

ठावं असून मी तो काढला. म्हनलं, कोन बगतंय?

निघालो जेवनं उरकून. पुढं बाई बॅटरी घेऊन, मधी पोरं, शेवटी मी. हौसाच्या पुढची गाठ शर्मिलाची. वाट बारवेवरनं.

चिंच मागं पडली आन् दोर वला लागाय लागला. दव असंल, म्हनलं. पर पानी गळाय लागलं, पोरांनो! टप टप टप. पाऊस न्हाय, काय न्हाय. आन् मग माज्या मागनं दोराला झटका बसला.

माज्या मागनं! आरं, शेवटचा मी! माज्या मागं कोन असनार?

"मामा, मला पन धरू द्या की."

पोरीचा बारीक आवाज. मी वळलो न्हाय. रामाचं नाव घेतलं, तेबी मनात. तो आवाज माज्या बाजूनं पुढं गेला. वल्या पावलांचा पचक पचक. एकेका पोराजवळ थांबतंय, पुढं जातंय. आन् शर्मिलापाशी थांबलं.

पुढचं मला दोघींनी मागनं सांगितलं. शर्मिलाला हौसाच्या आवाजात ऐकू आलं, "सोड दोर, तुजा हात लागतोय मला." आन् हौसाला शर्मिलाच्या आवाजात, "माझ्या दोराला शिवू नकोस." दोघींना खरंच वाटलं! वाटनारच की. दिवसा तेच तर चाललं व्हतं. भुताला नवं काय बोलावंच लागलं न्हाय.

शर्मिलानं रागानं गाठ सोडली.

सोडली आन् गेली! दिसेनाशीच झाली! बारवेकडनं नुसता त्याच पोरीचा आवाज, "ये ग, मी धरते तुला, मी न्हाय सोडनार."

हौसा किंचाळली, "बाई! शर्मी गेली!" आन् पळाली. पर दोर हातातच. बाईंसकट सगळी लाइन तिच्या मागं फरफटत बारवेवर. बगतो तर काय, शर्मिला पायऱ्या उतरून कमरंएवढ्या पान्यात! अजून उतरतेय! डोळं उघडं, वळख न्हाय. हौसानं धावत जाऊन तिची वेनी पकडली. हौसाला आमी मागनं दोरानं वढतोय, वढतोय, पर दोरच खाली जायला लागला! हौसाबी छातीएवढ्या पान्यात!

तवा माज्या डोक्यात उजेड पडला. मी वरडलो, "ठकू, चुकलं माजं! दोर तुजा हाय, घे बाई!" आन् बाईंना म्हनलं, "सोडायला सांगा दोर!"

बाई रडायला लागल्या. "सोडला तर मुली जातील हो!"

खालनं हौसाच वरडली, "दोर सोडा! हात धरा! एकमेकांचं हात धरा!"

धरले की! अ नं ब चा, ब नं अ चा. कुनी बगितलं न्हाय कोन कुठल्या तुकडीचं. दोर सुटला आन् सापावानी सर्रकन पान्यात गेला, गाठींसकट. शर्मिला मोकळी झाली. खेचल्या दोघींना वर. शर्मिला हौसाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

तसंच हातात हात धरून पळालो शिबिराकडं. शेवटी मी. उजव्या हातात शेवटच्या पोराचा हात.

आन् डाव्या हातात?

शेकोटीच्या उजेडात आलो तवा कळलं. डाव्या हातातबी हात व्हता. बारका. वला. बारवेपासनं मी तो धरून पळत व्हतो! मागनं आवाज आला, "मामा, तुमी तरी सोडू नका."

मी झटकला, पोरांनो. झटकला आन् शेकोटीत उडी मारायचीच बाकी राहिली. मागं बगितलं, कुनी न्हाय. वाटंवर वली पावलं, बारवेकडं परत गेलेली.

वाचलो. पर आजबी आठवलं की वाईट वाटतं. तिला सोडनारा तिसरा मी.

म्हनून सांगतो, देवळाला जायचं तर दिवसा, माळाच्या वाटंनं. बारवेच्या वाटंला जायचं न्हाय. कदी न्हाय! चिंच मोकळी हाय आता, पर ठकूला अजून कुनीतरी धरनारं पायजे.

आन् तुमी दोघी गं, कवा धरलात एकमेकींचं हात? बरं केलंत. आता तंबूत जाईपर्यंत सोडू नका.